रुग्ण घरी जातो तेव्हा : वर्धा जिल्ह्यातील एका प्रश्नाचा इतिहास

इस्पितळांचा इतिहास लिहिणारे लोक सामान्यतः इमारतीपासून आरंभ करतात. कोनशिला कोणी बसविली, खाटा किती होत्या, क्ष-किरण यंत्र कोणत्या साली आले, ही माहिती वार्षिक अहवालांतून सहज हाती लागते. रुग्ण आत आला त्याची नोंद असते, त्याला दिलेल्या औषधाची नोंद असते, तो सुटला त्या तारखेचीही असते. पण फाटकाबाहेर त्याने पाऊल टाकले की वहीचे पान संपते, आणि इतिहासकाराची लेखणीही तेथेच थबकते. वस्तुतः रुग्णाच्या दृष्टीने अर्धी गोष्ट तेथूनच सुरू होते. घरी कोण आहे, औषध आणावयास कोण जाईल, जखम कोण धुईल, शेजारी पाण्याला हात लावू देतील की नाही, हे प्रश्न इस्पितळाच्या आवारात उद्भवत नाहीत. ते वाटेत उभे असतात. आज आम्हांस ह्या वाटेविषयी बोलावयाचे आहे.

त्यासाठी आम्ही वर्धा जिल्हा निवडला आहे. तो केवळ गांधीजींच्या वास्तव्यामुळे नव्हे. इस्पितळ आणि घर ह्यांच्यामधील अंतराचा विचार ह्या जिल्ह्यात जितक्या निरनिराळ्या रीतींनी आणि जितका दीर्घकाळ झाला, तितका महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. आणि रोग म्हणून आम्ही कुष्ठरोग घेतला आहे. हिवताप किंवा हाड मोडणे ह्यांत दवाखाना सोडल्यापासून पूर्ववत होईपर्यंतचा काळ दिवसांनी नाहीतर आठवड्यांनी मोजता येतो. कुष्ठरोगात तो वर्षांनी मोजावा लागे, पुष्कळांच्या बाबतीत तर तो कधी संपतच नसे. भिंगाखाली धरलेल्या वस्तूसारखा हा प्रश्न तेथे मोठा होऊन दिसतो.

थोडे मागे जाऊ. 1873 साली नॉर्वेतील डॉ. हॅन्सेन ह्यांनी ह्या रोगाचे जंतू दाखविले. रोग आनुवंशिक नसून सांसर्गिक आहे हे त्यामुळे कळले, पण औषध मात्र हाती नव्हते. जंतू ठाऊक आणि औषध नाही, अशा स्थितीत माणसास एकच उपाय सुचतो, तो म्हणजे रोग्याला दूर ठेवणे. 1897 साली बर्लिनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ह्याच उपायाचा पुरस्कार केला, आणि पुढच्याच वर्षी, 1898 मध्ये, हिंदुस्थान सरकारने महारोग्यांसंबंधीचा कायदा केला. त्या कायद्याची भाषा वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्याचा रोख सर्व रोग्यांवर नव्हता. निर्धन, रस्त्यावर भीक मागणाऱ्या रोग्यांवर होता. ज्याला घर होते त्याला घराने लपवावे, ज्याला नव्हते त्याला सरकारने कोंडावे, अशी ती वाटणी होती. आत कसे न्यावयाचे हे कायद्याने तपशीलवार सांगितले. परत घरी कसे जावयाचे ह्याची चिंता त्याने केली नाही.

मुंबईतील अ‍ॅकवर्थ ह्यांचे रुग्णालय ह्याच काळातले, 1890 सालचे. हे अ‍ॅकवर्थ साहेब म्हणजे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. आपल्यापैकी इतिहासाच्या अभ्यासकांना ते दुसऱ्याच कारणाने परिचित असतील, कारण शाळिग्राम ह्यांच्याबरोबर मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह ज्यांनी 1891 साली छापला ते हेच गृहस्थ. एकाच माणसाने गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे टिपून घ्यावेत आणि त्याच सुमारास रस्त्यावरच्या बेघर रोग्यांसाठी निवारा उभारावा, हा योग विलक्षण खराच. असो. त्या संस्थेच्या आरंभीच्या नावातच ‘बेघर’ हा शब्द होता, एवढे आपल्या विषयाच्या दृष्टीने पुरेसे आहे.

विदर्भात हे काम प्रथम ख्रिस्ती मिशनऱ्यांनी केले. अचलपूरजवळच्या कोठाऱ्याचे नाव वऱ्हाडात जुन्या माणसांच्या तोंडी असे. त्या लोकांनी जे केले त्याविषयी कृतज्ञता बाळगूनच हेही म्हटले पाहिजे की त्या काळी आश्रमात गेलेला मनुष्य बहुधा परत येत नसे. त्याला अडविणारे कोणी असे म्हणून नव्हे. त्याच्या गावात त्याचे श्राद्ध आधीच उरकलेले असे. ‘महारोग’ ह्या शब्दातच तो निकाल होता. रोगाला ‘महा’ म्हटले की रोगी लहान होतो. आज आपण कुष्ठरोग म्हणतो, हा बदल केवळ शुद्धलेखनाचा नव्हे. पण जुन्या संस्थांच्या नावांत तो शब्द राहिला आहे आणि तो तेथे राहणे योग्यही आहे.

1934 साली जमनालाल बजाज ह्यांच्या आग्रहावरून गांधीजी वर्ध्याला आले, मगनवाडीत राहिले, आणि 1936 च्या एप्रिलअखेर शेगावी गेले. ह्याच गावाला पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले. विनोबा त्यापूर्वीपासूनच वर्ध्याच्या परिसरात होते. त्यांचे एक सहकारी मनोहरजी दिवाण ह्यांनी गावोगाव फिरताना कुष्ठरोगी पाहिले आणि 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे त्यांच्यासाठी काम सुरू केले. महारोगी सेवा समिती ती हीच. मनोहरजी डॉक्टर नव्हते. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, सुई टोचणे हे त्यांनी शिकून घेतले. गांधीजींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमावरील पुस्तिकेत ह्या कामाचा नावानिशी उल्लेख केला आहे. पुस्तिकेच्या 1941 च्या पहिल्या आवृत्तीत तेरा कलमे होती आणि त्यांत कुष्ठरोगी नव्हते. 1945 च्या सुधारलेल्या आवृत्तीत जी नवी कलमे आली, त्यांत किसान, मजूर, आदिवासी आणि विद्यार्थी ह्यांच्याबरोबर कुष्ठरोगीही आले. मधल्या चार वर्षांत दत्तपूर डोळ्यांसमोर होते ह्याचा त्यात काही वाटा असावा, असे आम्हांस वाटते.

दत्तपूरची विशेष गोष्ट अशी की तेथे शेती आणि सूतकताई होती. मनुष्य खाटेवर पडून राहण्याऐवजी काही उत्पन्न करीत असे. वरवर पाहता ही गांधीविचारातली ठराविक गोष्ट वाटते. पण घरी परतण्याच्या प्रश्नाशी तिचा निकट संबंध आहे. आपल्या खेड्यांत कोणालाही ‘तू कोण’ असे विचारले तर तो आपले काम सांगतो. रोगाने बोटे वाकली, काम गेले, की ते उत्तरही जाते. दत्तपुरात त्याला ते पुन्हा मिळे. मात्र ते दत्तपुरात मिळे, त्याच्या गावात नव्हे. ही मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. घराची वाट बंद झाली म्हणून दुसरे घर बांधले, असे ह्या पहिल्या पर्वाचे वर्णन करता येईल. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन ही त्याच पर्वाची पुढची आणि अधिक विस्तृत रूपे. बाबांचा जन्म ह्याच जिल्ह्यातला, हिंगणघाटचा, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

ह्या पर्वात एक प्रसंग असा आहे की ज्यात रोगी दूर नेला गेला नाही, जवळ आला. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींशी त्यांची ओळख झाली होती. पुढे रोग वाढला, आणि 1939 च्या सुमारास ते सेवाग्रामला येऊन उभे राहिले. आश्रमात मुले होती, बायका होत्या, स्वयंपाक एकत्र होता. त्यांना ठेवून घ्यावे की नाही ह्याचा विचार गांधीजींना करावा लागला. तो त्यांनी केला, आणि शास्त्र्यांसाठी आपल्या झोपडीपासून जवळच झोपडी बांधवून घेतली. ते स्वतः त्यांना मालीश करीत, हे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या छायाचित्राकडे आपण एका महापुरुषाची करुणा म्हणून पाहतो. आम्हांस त्यात दुसरेही काही दिसते. रोज ठरल्या वेळी, तेच काम, महिनोन्महिने करणारा कोणीतरी घराजवळ असणे, ही ती गोष्ट होय. करुणा एका दिवसाचीही असू शकते. मालिशीला वेळापत्रक लागते. शास्त्रीबुवा नंतर दत्तपूरला गेले आणि 1945 साली तेथेच वारले.

तोपर्यंत औषध म्हणून चालमोगऱ्याचे तेल टोचीत. टोचणे अतिशय दुखे आणि गुण अनिश्चित असे. 1941 साली अमेरिकेतील कार्व्हिल येथे सल्फोन वर्गातील औषधाचा प्रयोग झाला, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्याच वर्गातले डॅप्सोन हे गोळीच्या रूपाने आणि अल्प किमतीत मिळू लागले. ह्या गोळीने जो फरक पडला तो केवळ वैद्यकीय नव्हता. टोचण्यासाठी रोग्याने दवाखान्यात राहावे लागे. गोळी मात्र खिशात घालून गावी नेता येते. म्हणजेच रोग्याने दवाखान्याकडे जावयाचे की दवाखान्याने रोग्याकडे यावयाचे, हा प्रश्न प्रथमच विचारता येण्याजोगा झाला.

तो विचारला वर्ध्यातच. गांधी स्मारक निधीने 1951 साली वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन केले, आणि त्याची धुरा डॉ. वारदेकर ह्यांच्याकडे आली. एखाद्या थोर पुरुषाच्या स्मारकाला पैसा जमला म्हणजे सहसा इमारत उभी राहते. कुष्ठरोग्यांसाठी भव्य वसाहत उभारली असती तर कोणी नाव ठेवले नसते. डॉ. वारदेकर ह्यांनी हिशेब केला. देशातील रोग्यांची संख्या आणि सर्व आश्रमांतील मिळून खाटा ह्यांचे प्रमाण असे होते की आणखी शंभर वसाहती बांधल्या तरी बहुसंख्य रोगी बाहेरच राहणार. शिवाय ज्याला आत घेतले तो हात-पाय वाकल्यावर आलेला; ज्याच्या अंगावर पहिला चट्टा उमटला आहे तो मनुष्य आपला चट्टा सदऱ्याखाली झाकून शेतात काम करीत असतो. तो आश्रमात येणार नाही, कारण आला तर परत जाता येणार नाही हे तो जाणतो. तेव्हा त्याच्या घरी गेले पाहिजे.

ह्यातून पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी तिपेडी पद्धत निघाली. ठराविक वस्तीमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ता नेमावयाचा. तो डॉक्टर नसे. सरकारी भाषेत पुढे त्याला अवैद्यकीय सहाय्यक हे रुक्ष नाव मिळाले. नाव असे की त्यात तो काय नाही एवढेच कळते! त्याने घरोघर जाऊन प्रत्येक माणसाची कातडी पाहावयाची, बधिर चट्टा आहे का तपासावयाचे, लोकांना रोगाची खरी माहिती सांगावयाची, आणि रोगी सापडला तर गावातच, एखाद्या झाडाखाली किंवा चावडीजवळ, ठरल्या दिवशी गोळ्या द्यावयाच्या. क्रमही विचारपूर्वक होता. शिक्षणाशिवाय पाहणी केली तर लोक अंग दाखवीत नाहीत. पाहणीशिवाय उपचार ठेवला तर लवकरचा रोगी मिळत नाही. आणि उपचाराची सोय नसता पाहणी केली तर ती केवळ बदनामी ठरते. 1955 साली भारत सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम आखला तेव्हा हीच पद्धत स्वीकारली. वर्ध्याच्या परिसरातील खेड्यांत घासून पाहिलेली गोष्ट अशा रीतीने देशभर गेली.

जवळजवळ त्याच वेळी क्षयरोगाच्या बाबतीतही असाच प्रश्न उभा होता, आणि त्याचे उत्तर मद्रासला मिळाले. 1956 साली तेथे सुरू झालेल्या प्रयोगात काही क्षयरोग्यांना आरोग्यधामात ठेवले, काहींना तीच औषधे घरी, दाटीच्या वस्तीत, साध्या अन्नावर दिली. 1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : वर्षभराच्या औषधानंतर दोहोंच्या प्रकृतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता, आणि घरच्या माणसांना लागण होण्याचा धोकाही घरी उपचार केल्याने वाढला नव्हता. थंड हवेच्या ठिकाणची आरोग्यधामे त्यानंतर हळूहळू ओसरली. मद्रासला ते आकड्यांनी सिद्ध झाले. वर्ध्याला त्याच्या काही वर्षे आधीच त्या दिशेने पाऊल पडले होते, हे आपण अभिमानाने सांगावे. अभिमानाच्या भरात एक गोष्ट मात्र विसरू नये, आणि तिच्याकडे आता वळू.

घरी उपचार करणे म्हणजे घरी गोळ्या पोहोचविणे एवढेच नव्हे. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर बसतात. जंतू औषधाने मरतात. मेलेला मज्जातंतू पुन्हा जिवंत होत नाही. तळपाय बधिर झालेला शेतकरी रोगमुक्त झाला तरी त्याला काटा बोचलेला कळत नाही. वर्ध्याच्या काळ्या मातीत पऱ्हाटीची धसकटे कशी असतात हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे सांगावयास नको. खडा रुतला, फोड आला, तो तसाच चालत राहतो, कारण दुखत नाही. आपल्याला लंगडावयास लावणारी वेदना ही पायाची राखणदार असते. ती निघून गेलेली असते. जखम हाडापर्यंत जाते, हाड सडते, आणि मग पाय कापावा लागतो. लोक म्हणतात, रोग परत उलटला. रोग उलटलेला नसतो. पायाकडे पाहणारे कोणी नसते.

आश्रमात असता हा पाय रोज पाहिला जाई. कार्यकर्ता सांगे, पाय पाण्यात भिजवा, खरखरीत कातडी घासा, तेल लावा, वहाण घाला. घरी गेल्यावर त्याच माणसाला पहाटे उठून निंदणीला जावे लागे. वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी मऊ रबराच्या तळाची वहाण प्रचारात आणली आणि वाकलेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करण्याची रीत बसविली. त्यांचा अनुभव आपल्या विषयावर फार प्रकाश टाकतो. बोटे सरळ झालेले काही रोगी परत येऊन तक्रार करीत की आता भीकही मिळत नाही. वाकड्या हाताला लोक पैसा टाकीत, सरळ हाताला टाकीत नाहीत, आणि अंगावरच्या जुन्या खुणा पाहून कामही देत नाहीत. हात दुरुस्त झाला होता, पण त्या हातासाठी गावात जागा तयार झाली नव्हती. ह्यातूनच 1951 मध्ये त्यांनी वेल्लोरला अशा रोग्यांना सुतारकीसारखी कामे शिकविण्याची वस्ती काढली. इस्पितळ आणि घर ह्यांच्यामध्ये अशी एक पायरी असावी, ही कल्पना आम्हांस आजही मोलाची वाटते.

ह्यानंतरचा मोठा टप्पा 1981 नंतरचा. डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली, आणि भारतात ही बहुविध औषधयोजना ज्या जिल्ह्यांत सर्वांच्या आधी राबविली गेली त्यांत वर्धा होता. जी गोळी पूर्वी वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर घ्यावी लागे, तिच्या जागी ठराविक मुदत आली. सौम्य प्रकाराला सहा महिने, तीव्र प्रकाराला आरंभी किमान दोन वर्षे, पुढे तीही एका वर्षावर आली. मुदत पुरी झाली की कार्डावर ‘उपचारमुक्त’ असा शेरा पडतो आणि नोंदवहीतून नाव कमी होते.

हा शेरा म्हणजे कुष्ठरोग्याचे दवाखान्यातून सुटणे होय. किती आनंदाची गोष्ट! हजारो वर्षे ज्या रोगातून सुटका नव्हती त्याला आता तारीख आली. तरीही ह्या शब्दाविषयी आमच्या मनात एक खटका आहे. उपचारमुक्त म्हणजे जंतूंच्या औषधातून मुक्त. डोळा मिटत नाही, बोट भाजले तरी कळत नाही, तळव्याला भोवरी धरली आहे, ह्यांतून तो मुक्त झालेला नाही. शिवाय मुदत संपल्यानंतरही कधी कधी मज्जातंतूंना सूज येते आणि ती वेळीच ओळखून औषध दिले तरच हात वाचतो. पूर्वी गोळीच्या निमित्ताने कार्यकर्ता दर महिन्याला भेटे. त्याला गोळी द्यावयाची असे, पण देता देता पायाकडेही नजर जाई. गोळी लवकर संपली तशी ती नजरही लवकर संपली. औषध जितके चांगले झाले तितके भेटीचे निमित्त कमी झाले, असा हा चमत्कार आहे. ह्याचा दोष औषधाकडे नाही. ज्यांनी भेट ही केवळ गोळीची हमाली समजली त्यांच्याकडे थोडा आहे.

2005 च्या अखेरीस देशपातळीवर दहा हजारांत एकाहून कमी रोगी उरले, आणि सार्वजनिक प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याची घोषणा झाली. हे गणित नोंदवहीत नाव असलेल्यांचे आहे. नाव कमी झालेला, पण पायाला जखम असलेला मनुष्य त्यात येत नाही. आजही जगात दर वर्षी जे नवे कुष्ठरुग्ण सापडतात त्यांत निम्म्याहून अधिक भारतात असतात.

कायद्यानेही ह्या परतीच्या वाटेत बराच काळ दगड ठेवला होता. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात असाध्य कुष्ठरोग हे काडीमोडीचे कारण मानले होते. रोग साध्य झाला, देशभर फुकट औषध मिळू लागले, तरी पतिपत्नीपैकी एकाला रोग आहे म्हणून दुसऱ्याने न्यायालयात जाण्याची सोय कायम होती. ती 2019 साली काढून टाकली. 1898 चा जुना कायदा तर 2016 मध्ये रद्द झाला. गोळी निघाल्यापासून कायद्याचे पान उलटेपर्यंत इतकी वर्षे गेली. आमच्या खेड्यांतील मंडळी पुष्कळदा कायद्याच्या पुढे गेलेली दिसतात, आणि पुष्कळदा मागेही. पण निदान पुढे जाणाऱ्याच्या पायात कायद्याने तरी अडसर घालू नये.

आता सेवाग्रामकडे वळू, कारण तेथे हाच प्रश्न सर्वसाधारण रोगांच्या बाबतीत हाताळला गेला. 1944 च्या फेब्रुवारीत कस्तुरबा आगाखान महालात निवर्तल्या. डॉ. सुशीला नायर ह्यांनी सेवाग्रामला जो लहानसा दवाखाना चालविला होता त्यातून 1945 साली स्त्रिया आणि मुले ह्यांच्यासाठी पंधरा खाटांचे कस्तुरबा रुग्णालय झाले. 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. खेड्यात निघालेले ते देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय. तेथील विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यावे, त्या गावात शिबिर करून राहावे आणि नेमून दिलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहावे, अशी वहिवाट पडली. शहरातील महाविद्यालयात विद्यार्थी रोगी पाहतो तो गादीवर, पांढऱ्या चादरीत. तोच रोगी मातीच्या ओट्यावर, चुलीच्या धुरात पाहिला म्हणजे ‘पंधरा दिवस विश्रांती घ्या’ हे वाक्य लिहिताना हात थोडा अडखळतो. तो तसा अडखळावा, म्हणूनच ही व्यवस्था.

डॉ. उल्हास जाजू ह्यांनी ह्याच रुग्णालयाच्या आधाराने भोवतीच्या गावांत ज्वारीवर आधारलेली आरोग्यविम्याची योजना उभी केली. कल्पना अशी की सुगीत प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावयाची. जमीन असेल त्याने जमिनीच्या मानाने, भूमिहीनाने थोडी. गावातील निदान पंचाहत्तर टक्के कुटुंबे सामील झाली तरच गावाला योजनेत घ्यावयाचे. गावाने ग्रामसभेत आपला आरोग्यसेवक निवडावयाचा. मग अचानक आलेल्या आजारात इस्पितळात मोठी सवलत, आणि आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीत काही वाटा रोग्याने उचलावयाचा. ज्वारीच का, असे कोणी विचारील. सुगीत शेतकऱ्याच्या घरात ज्वारी असते, रोकड नसते. आणि पैसा देणारा उपकार घेतल्यासारखा वागतो किंवा मालकासारखा; ज्वारीचे पायलीभर धान्य देणारा भागीदारासारखा वागतो. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की रोगी सुटून गावी येई तेव्हा गावात त्याचा आजार ठाऊक असलेला, इस्पितळात ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा एक मनुष्य असे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना ओळख असलेला मनुष्य, ही ह्या योजनेची खरी कमाई.

असा मनुष्य नेमण्याची कल्पना परदेशात जुनी आहे. लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात 1895 साली मेरी स्टुअर्ट ह्या बाईंची नेमणूक झाली. गंमत अशी की पैसे देण्याची ऐपत असून फुकट उपचार घेणारे लोक हुडकून काढावेत, हा तिच्यातला एक मुख्य हेतू होता. बाई रोग्यांच्या परिस्थितीची चौकशी करू लागल्या, आणि ढोंगी थोडे, निराधार फार, असे निघाले. 1905 साली बोस्टनला डॉ. कॅबट ह्यांनी इस्पितळात समाजसेवकांचा विभाग काढला. औषध लिहून दिले पण दूध घ्यावयास पैसा नाही, तर औषधाचा काय उपयोग, हा त्यांचा सवाल होता. मुंबईला जे. जे. रुग्णालयात 1946 साली वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक झाली. आज मोठ्या सरकारी इस्पितळांत समाजसेवा अधीक्षक असतो. पण रोग्यांच्या रांगेत आणि योजनांच्या कागदांत त्याचा दिवस जातो, घरापर्यंत त्याने जावे असे म्हणणे त्याच्यावर अन्याय होईल.

घरापर्यंत जाते ती आशा कार्यकर्ती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांनी गावातील बायकांना शिकवून नवजात बाळाची काळजी घरीच घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचा अहवाल 1999 साली प्रसिद्ध झाला. हे दांपत्य गडचिरोलीला जाण्यापूर्वी वर्धा जिल्ह्यातील खेड्यांतच काम करीत होते. त्या प्रयोगाच्या आधाराने 2011 पासून देशभर नियम झाला. इस्पितळात बाळंत झालेली बाई घरी आली की आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जावयाचे, बाळाचे वजन करावयाचे, ताप पाहावयाचा, अंगावर पाजते की नाही विचारावयाचे. ह्या सहा तारखांकडे आम्ही आदराने पाहतो. ‘लक्ष ठेवा’ असे सांगितले की कोणीच लक्ष ठेवीत नाही. तारीख सांगितली की कोणीतरी दारात येऊन उभे राहते.

अर्धांगाचा झटका येऊन एक बाजू लुळी झालेला आर्वीकडचा शेतकरी, मांडीचे हाड जोडून सेलूला परतलेली म्हातारी, आणि आमचा तो बधिर पायाचा उपचारमुक्त मनुष्य, ह्यांच्यासाठी अशा मोजून दिलेल्या तारखा आम्हांस दिसत नाहीत. त्यांच्या हाती असते ती सुटतेवेळची चिठ्ठी, आणि ती बहुधा इंग्रजीत असते. गावात ती वाचतो औषधाच्या दुकानातला मुलगा. तो गोळ्यांची नावे वाचतो, खालची ओळ वाचीत नाही, कारण त्या ओळीवर विकण्यासारखे काही नसते. आणि जखम कशी धुवावी, लुळा हात दिवसातून किती वेळा हलवावा, कोणते चिन्ह दिसताच परत यावे, हे असते ते नेमके त्या ओळीत. ती ओळ मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि सुनेला किंवा मुलाला समोर बसवून वाचून दाखविल्यानंतरच रोग्याला सोडावे, एवढी व्यवस्था करावयास नवी इमारत लागत नाही. व्याख्यानाला आलेल्या मंडळींत इस्पितळांच्या व्यवस्थापक मंडळांवर असलेले काही गृहस्थ आम्हांस दिसत आहेत. पुढच्या बैठकीत त्यांनी आपल्या इस्पितळाची एक चिठ्ठी मागवून घ्यावी, आणि तिची खालची ओळ शिपायाला वाचावयास सांगावी.